दुखायलंय

उदगीरला, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत
सातला माझा वर्ग भरतो.
खालून औषधांचा वास वर येतो,
पंखा तो पुन्हा खाली ढकलतो,
मधे आठ जण बसतात, आपापलं वाक्य घेऊन.

रेहाना दवाखान्यात काउंटरला असते.
तिनं लिहून आणलं :
पेशंट इज वेटिंग सिन्स टेन मिनिट्स.
चुका दोन होत्या, मी एकच धरली.
म्हणलो, दहा मिनिटांना फॉर, दहा वाजल्याला सिन्स.
एक दाव्याची लांबी, एक खुंटा.
ती म्हणाली, "सर, आपल्याकडं दोन्हीला पासूनच की.
दहा मिनटापासून बसलाव,
दहा वाजल्यापासून बसलाव.
बसायचं तर तेवढंच."

अंगद कुरिअर वाटतो.
त्याला बॉरो कुठलं, लेंड कुठलं, कळंना.
फळ्यावर दोन बाण काढले, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा.
तरी रोज विचारतो, सर, पेन बॉरो करता का,
म्हणजे माझाच पेन मीच त्याच्याकडून मागून घ्यायचा.
आपला उसना शब्द बरा.
दिलं कोणी, नेलं कोणी,
ते गल्लीला ठाऊकच असतं.

केरबामामा शिंपी, वय अठ्ठावन्न.
नातवाच्या शाळेत मॅडमशी दोन वाक्यं बोलायचीत, म्हणून येतात.
त्यांच्या पाटीवर लूज पँट टाइट करून मिळेल, असं इंग्रजीत,
फक्त एक ओ कमी.
मी म्हणलो, मामा, ह्याचा अर्थ झाला
हरवलेली पँट टाइट करून मिळेल.
मामांनी चष्मा काढला, पुसला.
"ती बी करून देतो," म्हणले, "घेऊन तर या."

पुण्यात बीएडला होतो तेव्हा
मेसमधे एकदा म्हणलो, थांबा, मी जेवायलोय.
अख्खं टेबल हसलं.
पुढं दोन वर्षं मी जेवतोय म्हणत जेवलो,
मीठ कमी आहे, हेसुद्धा कधी बोललो नाही.

आता आयएनजी शिकवायची वेळ आली
की फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो :
जायलोय. शिवायलोय. वाटायलोय.
काम चालू आहे, हातातून सुटलं नाही.
तेवढा एक धडा या खोलीत पाठ करावा लागत नाही.

मात्र काही क्रियापदं ही शेपटी लावून घेत नाहीत.
आय अ‍ॅम नोइंग यू म्हणू नये.
का, ते विचारू नका,
मी पण घोकूनच पास झालोय.

सोजरबाई मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापतात.
पोरींनी पैसे जमवून त्यांचं नाव इथं घातलं.
त्यांची वही सगळ्यात स्वच्छ, पिठाचा एक ठसा सोडून.
काल त्यात वाक्य होतं, माय बॅक इज पेनिंग.
मी लाल पेनानं खोडलं. लिहिलं, हर्ट्स.
समजावलं, हा साधा वर्तमानकाळ,
नेहमीच्या गोष्टींचा,
सूर्य उगवतो, तसा.

त्या बराच वेळ हर्ट्सकडं बघत राहिल्या.
"सूर्य उगवून मोकळा होतो, सर.
हे मोकळं होईना.
हे दुखायलंय."

परीक्षेत ती चूकच धरतात.
मी तसं सांगितलं,
आणि सांगताना आवाज जरा पुण्याचा झाला.
त्यांनी हर्ट्स तीनदा लिहून दाखवलं, वळणदार.
मग वही पिशवीत घातली,
कमरेला हात लावून उठल्या.

जिन्यातला दिवा गेलाय महिनाभर.
वरून हाक दिली, सावकाश, सोजरबाई.
अंधारातून, एकेका पायरीवर थांबत, आवाज आला,
"उतरायले, सर.
उतरायले."